आईचा जीव आधी

आमची खाला सहाव्या बाळंतपणात गेली. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, पण घरातल्या मोठ्यांनी ‘गुनाह आहे’ म्हणून विषय मिटवला. कुठलाही मजहब याला ‘नाही’च म्हणणार, असं आम्हीही मानून बसलो.

अमेरिकेतल्या यहुद्यांनी ही समजूत मोडली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासूनचा गर्भपाताचा हक्क २४ जून २०२२ रोजी काढून घेतला. त्याआधी काही दिवस फ्लोरिडातलं एक सिनेगॉग पंधरा आठवड्यांच्या मर्यादेविरुद्ध, धर्मस्वातंत्र्याच्या नावाने, कोर्टात गेलं होतं. यहुदी स्त्रियांची एक जुनी संघटना २०२१ पासून वर्षातला एक शब्बाथ या हक्कासाठी ठेवते. त्या दिवशी तौरातचा जो भाग वाचतात त्यात आहे : मारामारीत बाईला धक्का लागून गर्भ पडला तर दंड, बाई दगावली तर जिवाला जीव. मिश्ना सांगते, अडलेल्या बाळंतपणात आईचा जीव आधी. सनातनी यहुदी एवढी मोकळीक मानत नाहीत. पण आईचा जीव वाचवण्याला त्यांचीही ना नाही.

आमच्या फिकहमध्येही रूह फुंकली जाण्याआधीच्या १२० दिवसांची चर्चा आहे, आईला वाचवायची मुभा आहे. खालासाठी ती किताब कुणी उघडलीच नाही.