टेस्टर कोणाचा?

परवा ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "अरे, होम इन्स्पेक्टर कुठला घेऊ? एजंट एक नाव सुचवतोय." म्हटलं, थांब बाबा! आधी माझी कथा ऐक.

२०१४ साली न्यू जर्सीत आम्ही पहिलं घर घेतलं, तेव्हा इन्स्पेक्टर एजंटनेच सुचवला होता. माणूस एकदम गोड. पाऊण तासात घर बघून झालं, रिपोर्टात सगळं आलबेल. पुढच्या एप्रिलमध्ये सलग दोन दिवस पाऊस लागला आणि बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी! पुण्याहून आणलेली बाबांची पुस्तकं तिथेच खोक्यांत होती. बाबा आदल्याच वर्षी गेले होते... निम्म्या पुस्तकांचा लगदा झाला. नंतर पाहिलं तर भिंतीच्या तळाशी पांढरा क्षार, आपल्याकडे लोणा लागतो तसा. पाणी मुरत असल्याची ही जुनी खूण. नीट टॉर्च मारला असता तर दिसली असती.

तो इन्स्पेक्टर लबाड होता असं मी म्हणणार नाही. पण एजंटला कमिशन मिळतं ते सौदा झाला तरच. सौदे मोडणाऱ्या इन्स्पेक्टरला तो पुन्हा कशाला बोलवेल? आपण आपला कोड स्वतः टेस्ट करत नाही. पण टेस्टरची नोकरी रिलीजची घाई असलेल्या मॅनेजरच्या हातात असेल, तर त्याचाही काय उपयोग?

२०१९ मध्ये दुसरं घर घेताना मात्र मीच फोन फिरवले. आधी राज्याचं लायसन्स तपासलं, मग चार प्रश्न विचारले. जुना एखादा रिपोर्ट नावं काढून दाखवाल का? (फोटो आहेत की नुसत्या टिक्स, ते कळतं.) तपासणीच्या वेळी मी बरोबर फिरू का? दुरुस्तीही तुम्हीच करता का? इथे "हो" आलं की फोन ठेवायचा. 'आशी' या इन्स्पेक्टरांच्या संघटनेच्या नियमांतही, तपासलेल्या गोष्टींची दुरुस्ती वर्षभर पैसे घेऊन करायला मनाई आहे. आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: तुम्ही काय काय *बघत नाही*?

या शेवटच्या प्रश्नावर दोघे गडबडले. तिसरा शांतपणे म्हणाला, "जमिनीत पुरलेली जुनी तेलाची टाकी मला दिसणार नाही, त्याची तपासणी वेगळी करा. रेडॉनची टेस्टही वेगळी सांगा." त्यालाच घेतला. तीन तास त्याच्यामागे टॉर्च धरून फिरलो. टाकी निघाली नाही, पण रेडॉन ६ आला. जमिनीतून येणारा हा किरणोत्सारी वायू ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा जास्त असेल तर उपाय करा, असं ईपीए सांगते. एजंटचा चेहरा पडला. पण घर मालकाने पाइप आणि पंखा बसवून दिला, आणि सौदाही झाला.

असो. हे बेसमेंट अजून तरी कोरडं आहे. पण बाबांची उरलेली पुस्तकं मी वरच्या मजल्यावरच ठेवतो.