लाकडं भरून झाली, आत्या

प्रिय आत्या,



परवा फोनवर तू विचारलंस, ‘गॅस आहे, गिझर आहे, मग कशाला रे त्या लाकडांच्या मागे लागतोस?’ आवाजात काळजी होती, थोडा रागही होता. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

तुझा राग मला कळतो. तुला लाकडं आठवतात ती डोक्यावरच्या मोळीसकट. चुंभळीवर भारा, पायाखाली कातळ, आणि घरी आल्यावर ओल्या फाट्यांपुढे फुंकणी घेऊन बसणं. त्या धुराने तुझे आणि आजीचे डोळे गेले तितके गेलेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 या एका वर्षात घरातल्या धुरापायी जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली. म्हणून आपल्या स्वयंपाकघरात गॅसच, त्यात बदल नाही. चूल आहे ती मागच्या उघड्या पडवीत, अंघोळीच्या पाण्यापुरती. मी लाकडं गोळा करतो ती मला आवडतं म्हणून. तुला तसं निवडता आलं नव्हतं, हे मी विसरत नाही. पण तू जे शिकवून गेलीस ते त्या कष्टाबरोबर विसरून जावं, हे मला पटत नाही.

माझं लाकडांचं वर्ष कवळतोडीपासून सुरू होतं. ऐन-किंजळीचा टाळा भाजावळीसाठी भाताच्या तरव्यात जातो आणि मागे मनगटाएवढ्या फांद्या उरतात. त्या मी तिथेच तोडून उन्हात टाकतो. जाड ओंडके ओले असतानाच फोडायचे, हा तुझाच धडा. सुकल्यावर ऐन कुऱ्हाडीला दाद देत नाही. गाठ असली तर पाचर घालून घण मारावा लागतो. थंडीतल्या सकाळी हे काम करावं. घाव बरोबर बसला की लाकूड कडकन दुभंगतं, आतला ओला वास बाहेर येतो, आणि अंगात ऊब येते ती चूल पेटण्याच्या कितीतरी आधी.

मग उन्हाळाभर नुसती वाट पाहणं, आणि मला हाच भाग सगळ्यांत जास्त आवडतो. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. ते पाणी उकळून जाईपर्यंत धग हंड्याला मिळत नाही, आणि अर्धवट जळलेला वायू धूर होऊन डोळ्यांत जातो. पाचव्या हिश्शाच्या खाली ओल गेली की तेच लाकूड स्वच्छ जळतं. तू हे आकडे कधी ऐकले नसशील, पण दोन ढलप्या एकमेकींवर आपटून तू सांगायचीस. खणखणीत वाजली तर सुकी, बद्द वाजली तर अजून आठ दिवस ऊन. मीही तसंच आपटून बघतो. टोकांना तारांसारख्या भेगा पडल्या की भरायला घेतो.

लाकूड ओळखायला तूच शिकवलंस. पांगारा आणि सावर भुसभुशीत, पाणी कोमट होईतो संपतात. काजू ओला असला तर तडतडतो, चिकानं हात भाजतात. बिब्ब्याच्या जवळही जायचं नाही, धुरानेसुद्धा तोंड सुजतं. सुरू धडधडून पेटतो, त्याची धग फार. खैराचा निखारा टिकतो, पण खैर कातासाठी जातो, आपल्या वाट्याला काटक्याच. आणि देवरहाटीतली पडलेली काटकीही उचलायची नाही. लहानपणी तो नियम देवाच्या भीतीने पाळला. आता तिथल्या पोकळ खोडांतून धनेश बघतो तेव्हा आनंदाने पाळतो. आपल्या रानातलंही एखादं वठलेलं झाड मी सुतारपक्ष्यांसाठी उभं ठेवतो.

तुला न सांगितलेली एक गोष्ट आज सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा परसातला रायवळ आंबा पडला, ज्याच्या खाली तू लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसायचीस. दापोली-मंडणगडच्या वाड्यांत त्या दिवशी माड, पोफळी, कलमं अक्षरशः आडवी झाली. पिढ्यांची उत्पन्नं एका दुपारी गेली. जिकडे बघावं तिकडे लाकूड, आणि पाठोपाठ पाऊस. फणसाचा पिवळा गाभा तग धरून राहिला, त्याच्या लोकांनी फळ्या काढल्या. आंब्याला मात्र बुरशी आणि वाळवी लगेच धरते. रायवळाचे ओंडके मी दगडांवर उचलून ठेवले, वर पत्रे टाकले, वारा खेळायला चारी बाजू मोकळ्या सोडल्या. फोडायला मन होत नव्हतं. दोन उन्हाळे गेल्यावर फोडले. त्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीतला हंडा त्याच्यावर तापला, सगळ्या घराने त्या पाण्याने अंघोळ केली. कुठल्या तरी ट्रकमधून ते झाड वीटभट्टीला गेलं असतं तर मला फार लागलं असतं.

पावसाळ्यात लाकडांची खोप म्हणजे घरातली सर्वांत कोरडी जागा. आषाढात कपडे वाळत नाहीत, पण लाकडं वाळलेली हवीत. पुढच्या दोन-तीन दिवसांची मी चुलीच्या कडेला आणून ठेवतो. हात घालण्याआधी काठीने ढोसतो, विंचू असतोच एखादा. पेटवायला नारळाची सोडणं, करवंट्या, माडाची सुकी पोय. बाहेर धो धो पाऊस आणि फुफाट्यात पुरलेल्या फणसाच्या आठळ्या! पोरं अजूनही त्यांच्यासाठी भांडतात, आत्या. थंडीत अंगणातल्या शेकोटीला शेजारचे म्हातारे येतात, आणि टीव्हीपुढे कधी न निघणाऱ्या गोष्टी निघतात. राखही वाया जात नाही. चाळून घेतलेली कडव्या वालांच्या बियाण्याला, उरलेली माडांच्या आळ्यात.

आता मृग तोंडावर आहे आणि खोप आढ्यापर्यंत भरली. खाली ऐन-किंजळ, वर काजू, दाराशी काटक्या.

एक मात्र मला अजून साधत नाही. तू रात्री विस्तव राखेने झाकायचीस आणि पहाटे काडी न ओढता चूल पेटायची. माझा निखारा मध्यरात्रीच विझतो. कोणतं लाकूड ठेवायचीस? राख किती जाड? वर शेणी ठेवायचीस का? फोनवर सांगू नकोस, मला समजणार नाही. गणपतीला येशील तेव्हा चुलीपाशी खुर्ची टाकून बस आणि मला हातवारे करून सांग. मोळी मी आणीन.

तुझा भाचा