दान नव्हे, देणे

व्यापारी घराण्यातील हिशेबाचे वर्ष दिवाळीला संपते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या नोकरदाराचे वर्ष मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला संपते आणि त्याच दिवशी पुन्हा सुरू होते. पगार असेतोवर ही तारीख जाणवतही नाही. पगार थांबला की कॅलेंडरवर दुसरी तारीख दिसेनाशी होते.

गोंदियातील एका ठोक कापडपेढीत तो २००६ पासून मुनीम होता. पेढीवर २२ माणसे होती. आमगाव, सालेकसा, तिरोडा आणि शेजारच्या बालाघाट, डोंगरगढकडील किरकोळ दुकानदार सकाळच्या गाडीने येत, माल निवडत आणि संध्याकाळच्या गाडीने परतत. रेल्वेच्या जंक्शनवर वाढलेल्या या गावाचा व्यापार गाड्यांच्या वेळापत्रकावर चालतो. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या आणि २५ मार्चला, नेमक्या गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी लागू झाली. २६ एप्रिलची अक्षय्य तृतीया गेली आणि तिच्याबरोबर लग्नसराईही गेली. लग्नासाठी भरलेला माल गाठोड्यांतच राहिला.

शेठजींनी मार्चचा पगार पूर्ण दिला, एप्रिल आणि मेचा निम्मा. मेच्या अखेरीस त्यांनी त्याला घरी बोलावले. “मुनीमजी, माल पडून आहे, उधारी गावोगाव अडकली आहे. सगळ्यांना सांभाळणं आता माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही दुसरीकडे काही पाहा.” बोलताना त्यांची नजर खाली होती. चौदा वर्षांची नोकरी तीन वाक्यांत संपली.

त्या काळात कर्जदारांना थोडा श्वास मिळाला होता. रिझर्व्ह बँकेने मार्चमध्ये कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत दिली आणि मे महिन्यात ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. भाडेकरूंसाठीही राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी घरमालकांना सूचना केली होती : भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि थकबाकीपोटी कोणाला घराबाहेर काढू नये. भाडे माफ झाले नव्हते, फक्त लांबले होते. त्या बातमीचे कात्रण त्याने जपून ठेवले होते.

१ जूनला, भाड्याच्या तारखेच्या चार दिवस आधी, तो घरमालकिणीकडे गेला. कात्रण खिशात होते, पण ते त्याने बाहेर काढले नाही. काकू एका शिक्षकाच्या विधवा. निवृत्तिवेतन तुटपुंजे आणि औषधांचा खर्च याच दोन खोल्यांच्या ४,५०० रुपयांतून चालायचा. सरकारी सूचनेने त्याला मुदत मिळाली असती. काकूंच्या औषधवाल्याने ती मान्य केली नसती. त्याने एका कागदावर लिहून दिले : भविष्य निर्वाह निधीची रक्कम येईपर्यंत दर महिन्याला निम्मे भाडे, म्हणजे २,२५० रुपये, आणि रक्कम येताच सर्व बाकी. काकूंनी कागद दोनदा वाचला. “भाऊ, न सांगता थांबवलं असतं तर मी घाबरले असते. आता माझं मी बसवते.”

निधीची रक्कम मात्र कागदावर लिहिली तितकी सोपी नव्हती. साथीच्या निमित्ताने सरकारने मार्चअखेरीस सभासदांना तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा खात्यातील शिलकीच्या ७५ टक्के, यांपैकी कमी असेल तेवढी रक्कम परत न करण्याच्या बोलीवर काढण्याची मुभा दिली होती. त्याचे मूळ वेतन १४,००० रुपये असल्याने त्याला ४२,००० रुपये मिळणार होते. अर्ज परत आला. पेढीच्या नोंदीतील त्याच्या आडनावाचे स्पेलिंग आणि आधार कार्डावरील स्पेलिंग यांत एका अक्षराचा फरक होता. जन्मवर्षही वेगळे होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पेढीवरील सर्वांच्या निधीचे चलन दरमहा तोच भरत असे. इतरांच्या तक्रारी त्याने निस्तरल्या होत्या. स्वतःची नोंद चौदा वर्षांत एकदाही पाहिली नव्हती.

त्या वेळी अशा दुरुस्तीसाठी संयुक्त घोषणापत्र लागे. त्यावर सभासदाची सही हवी असे, तशी मालकाचीही. ज्या दारातून काम सुटले त्याच दारात सहीसाठी जायचे त्याच्या जिवावर आले. तिकडे शेठजींनाही त्याला तोंड दाखवणे जड जात होते. या दुहेरी संकोचात तीन आठवडे गेले. घरात केशरी शिधापत्रिका होती. जूनमध्ये तिच्यावर सवलतीचे धान्य, माणशी तीन किलो गहू आठ रुपये किलोने आणि दोन किलो तांदूळ बारा रुपये किलोने, मिळाले. तांदळाच्या जिल्ह्यात राहून तांदळासाठी रांगेत उभे राहण्याचा प्रसंग त्याच्यावर पहिल्यांदाच आला. त्याच आठवड्यात समाजाच्या तरुणांनी धान्याचे किट दारी आणून दिले. किटसाठी मोठी देणगी त्याच्याच शेठजींनी दिली होती, आणि ती मनापासून दिली होती. किट देणारे हात पुष्कळ होते. त्या घोषणापत्रावर सही करू शकणारा हात एकच होता.

अखेर पत्नीने फोन त्याच्या हातात दिला. तो गेला. सहीला दोन मिनिटे लागली. बैठकीत मोठे शेठजी, म्हणजे शेठजींचे वडील, बसले होते. त्यांनी विचारले, “आणि ग्रॅच्युइटी?” शेठजी म्हणाले, “बाबूजी, बाजार उघडला की पाहू.” म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाजार आत्ता बंद झाला. यांची चौदा वर्षं त्याच्या आधीची आहेत. ती आपल्या नावे पडून आहेत. किट आपण दिलं ते दान. हे दान नव्हे, देणं आहे.”

आकडा कोणालाच ठाऊक नव्हता; मुनीमाला होता. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा झालेल्यास १९७२ च्या कायद्याने प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचे वेतन मिळे आणि त्यासाठी महिना २६ दिवसांचा धरला जाई. १४,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले १४ : १,१३,०७७ रुपये. कायद्याने ही रक्कम ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाल्यास व्याजासह. मोठ्या शेठजींनी निम्म्याचा धनादेश त्याच दिवशी लिहायला लावला आणि उरलेल्या निम्म्यासाठी दसऱ्यापर्यंतची मुदत मागितली. व्याजाचा विषय मुनीमाने काढला नाही. पेढीची उधारी कुठे कुठे अडकली आहे, हे त्याच्याइतके कोणाला माहीत होते?

निधीचे ४२,००० ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जमा झाले. पाच तारखेला त्याने काकूंना जून-जुलैची बाकी ४,५०० आणि ऑगस्टचे ४,५०० एकदम दिले. काकूंनी तो कागद फाडून टाकला. त्या वेळच्या नियमांनुसार बेकारीचे दोन महिने भरल्यावर त्याला निधीची सारी शिल्लक काढता आली असती. ती त्याने काढली नाही. दहा वर्षांहून अधिक सेवा झाल्याने ५८ व्या वर्षी मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा हक्कही तसाच राहिला.

त्याचा मेहुणा बुटीबोरीच्या एका कारखान्यात होता. त्याचीही नोकरी त्याच सुमारास गेली. तो कर्मचारी राज्य विम्याखाली होता, म्हणून त्याला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम मिळण्याची सोय होती. २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा हे प्रमाण २५ टक्के होते. २०२० मध्ये ते ५० टक्के झाले. हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो, आणि मालकाने वर्गणी भरलेली असेल तरच मिळतो.

सरकारी लाभ येतो, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो. भाडे पहिल्याच महिन्यात दारात उभे राहते. या दोहोंमधील अंतर घरमालकाच्या धीराने आणि मालकाच्या कागदांनी भरून निघते. आपल्या समाजात एकाच घरात पेढीही असते आणि भाड्याच्या खोल्याही. साधर्मिकाला आणि गरजूला हात देण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. तिच्या आधी येते ते देणे : वर्गणी वेळेवर भरणे, नाव व जन्मतारीख आधारशी जुळवून घेणे, माणूस जाताच नोकरी सोडल्याची तारीख नोंदवणे आणि ग्रॅच्युइटीची रक्कम दरवर्षी ताळेबंदात बाजूला काढणे. मंदीच्या वर्षात ती एकदम उभी करणे कोणत्याही पेढीला जड जाते.

धानाचा हंगाम सुरू होताना त्याला एका राइस मिलमध्ये हिशेबाचे काम मिळाले. त्याने जुने निधीखाते नव्या ठिकाणी जोडून घेतले. पहिल्याच आठवड्यात त्याने मिलच्या सर्व माणसांची आधार कार्डे मागवली आणि निधीच्या यादीशी एकेक नाव ताडून पाहिले. तीन नावे चुकलेली निघाली. त्यांपैकी एक बॉयलरवर अकरा वर्षे काम करणाऱ्या माणसाचे होते. घोषणापत्र भरून मालकाची सही त्याने त्याच दुपारी घेतली.