दुसरी किल्ली

आमच्या बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. एक मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी अस्मादिकांकडे. त्यामुळे त्या सोमवारी माझी जुनी मोटारसायकल सुरू होईना, तेव्हा एकटा मी नव्हे, अख्खी शाखा अडली होती.

चाळीस किका मारून झाल्या.

"पेट्रोल येतंय ना?" हिने गॅलरीतून विचारले.

"कालच टाकी भरलीय!" मी खेकसलो. बी.कॉम. झालेल्या माणसाला हे विचारावे?

प्लग काढला, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी निळीशार! प्लगचे टोक मात्र कोरडे ठणठणीत. म्हणजे करंट येतोय, पेट्रोल येत नाही. खात्यात भरपूर शिल्लक आणि तरी चेक परत! दोष नक्की कार्बुरेटरचा. प्लग परत बसवून मी स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागलो.

ही खाली आली, वाकली आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक फिरवला. रात्री मीच बंद केला होता.

दुसऱ्या किकेला गाडी सुरू.

"तिजोरीची किल्ली घेतलीत?" तिने विचारले.

ती टेबलावरच होती.

बँकेत पोचलो तेव्हा काउंटरपुढे रांग आणि दारात साहेब.

"काय झालं हो?"

"कार्बुरेटर, साहेब," मी गंभीरपणे म्हणालो.