उजवीकडचा डग्गा

वडील गेल्यावर त्यांचा स्टिरिओ अँप्लिफायर माझ्याकडे आला. लाकडी पेटी, मागे जाड ॲल्युमिनियमवर बसवलेले २एन३०५५ ट्रान्झिस्टर. चालू केला की एकसारखी घुमघुम यायची. उजव्या स्पीकरमधून तबल्याची चाट ऐकू यायची, डग्गा नाही. वडिलांच्या खयालाच्या कॅसेट अशा अर्ध्यामुर्ध्या ऐकवेनात.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत एका दुकानदारांना हे सांगितलं. "ताई, कंडेन्सर वाळलेत," ते म्हणाले. कंडेन्सर वाळतो म्हणजे काय, मला काही कळेना. त्यांनी एक जुना पक्कडीने फोडून दाखवला. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी आणि मध्ये कागद. त्या कागदात मुरवलेला द्रव वर्षानुवर्षं उडत जातो आणि कंडेन्सरची ताकद जाते. "पिवळे, तपकिरी चपटे आहेत त्यांना हात लावू नका. त्यांत वाळण्यासारखं काही नसतं." मी तर सगळेच बदलायला निघाले होते.

घरी पेटी उघडली. पुढच्या सर्किटचा फ्यूज मी आधीच काढून ठेवला होता. नंतर लक्षात आलं, त्यामुळे मोठ्या कंडेन्सरमधली वीज उतरायला वाटच उरली नव्हती. प्लग काढल्यावरही मीटर ४१ व्होल्ट दाखवत होता. एक हजार ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर चिमट्यांनी जोडून अर्धा मिनिट थांबले, तेव्हा आकडा शून्याकडे आला. या अर्ध्या मिनिटाची घाई कुणी करू नये.

स्पीकरच्या वाटेवरचा २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मीटरवर जेमतेम २०० भरला. आठ ओहमच्या स्पीकरशी हिशेब मांडला आणि उलगडा झाला. इतक्या लहान कंडेन्सरमधून १०० हर्ट्झच्या खालचा आवाज पुढे जाताना क्षीण होत जातो, आणि डग्ग्याचा घुमारा तिथलाच. घुमघुम मात्र दुसऱ्याची, ४७०० मायक्रोफॅरडच्या मोठ्या फिल्टरची होती.

खरा गोंधळ नवे बसवताना झाला. जुने कंडेन्सर आडवे, दोन टोकांना दोन तारा. नवे उभे, दोन्ही पाय एकाच बाजूला, आणि आकाराने निम्मे. नकली तर नाहीत ना, म्हणून प्रत्येक मोजून घेतला. मी अकराही जुने एकदम काढून ठेवले होते. बाकीच्यांच्या जागी बोर्डावर अधिकचं चिन्ह होतं. मोठ्याच्या जागी उष्णतेने ते काळवंडलं होतं आणि त्याच्या अंगावरची छपाईही पुसली होती. एका टोकाला खोबण दिसत होती. ती ऋण बाजू असं समजून मी नवा जोडला.

दुकानदारांनी सांगितल्याप्रमाणे १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज दिली. बल्ब क्षणभर पेटून मंदावायला हवा. तो पेटलेलाच राहिला. मी लगेच बटण बंद केलं. वीज उतरवून हात लावला तर नवा कंडेन्सर गरम लागला. बल्ब नसता तर तो फुटला असता. खोबणीचं टोक धन असतं, हे मला त्या दिवशी कळलं. उलटा जोडलेला कंडेन्सर आतून बिघडलेला असतो, म्हणून तो टाकून दुसरा आणला.

या वेळी बल्ब चमकला आणि मंदावला. मग बल्ब काढून थेट वीज दिली. घुमघुम नव्हती. कॅसेट लावली आणि विलंबितातल्या पहिल्याच समेवर उजव्या स्पीकरमधून डग्गा घुमला. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसली. बाजू संपेपर्यंत आम्ही दोघी उठलो नाही.

तुम्ही असा अँप्लिफायर उघडणार असाल, तर सगळे कंडेन्सर एकदम काढू नका. एक काढा, त्याची धन बाजू वहीत लिहा, त्या जागी नवा बसवा, आणि मगच पुढच्याला हात लावा.