आंदण दिलेला किल्ला

घरांतील मुली हल्लीं ज्या कल्पनारम्य कादंबऱ्या वाचतात त्यांपैकीं दोनतीन आम्हीं मुद्दाम वाचून पाहिल्या. कथानक बहुधा एकच: दोन वैरी राज्यें, तहाच्या कलमाप्रमाणें लागलेलें लग्न, आणि नाइलाजानें ज्याच्या गळ्यांत माळ घातली त्याच्यावरच जडलेलें प्रेम. प्रेम जडलें कीं सैन्यें माघारीं फिरतात. वाचावयास गोड खरें. पण वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें सारखा सोलापूरचा किल्ला येत होता.

इ. स. १५२४ सालीं विजापूरच्या इस्माईल आदिलशहानें आपली बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहास दिली, ती वैर मिटावें म्हणून. वधूबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण द्यावयाचा ठरला होता. मुलगी गेली; किल्ला कांहीं गेला नाहीं. झालें! सोयरिकीनेंच पुढील चाळीस वर्षांच्या भांडणास निमित्त पुरविलें. मानपानावरून रुसलेले व्याही आपण सर्वांनींच पाहिले आहेत. येथें त्यांच्यापाशीं तोफा होत्या इतकेंच.

पुढें विजयनगरच्या रामरायाचा धाक वाढला, तेव्हां पुन्हां तोच उपाय. १५६४ च्या सुमारास हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी अली आदिलशहास दिली, अलीची बहीण हुसेनच्या पुत्रास केली, आणि या खेपेस सोलापूर चांदबिबीबरोबर विजापुराकडे गेलें. या साटेंलोट्यांतून शांतता निघाली ती अशी कीं, १५६५ च्या जानेवारींत व्याह्यांनीं एक होऊन तालिकोटच्या लढाईंत विजयनगर बुडविलें.

चांदबिबीचें खरें जिणें आम्हांस त्यापुढेंच दिसतें. १५८० त पतीचा खून झाला. पुतण्या इब्राहीम लहान. त्याच्या नांवें तिनें कारभार पाहिला, तों सासरच्याच एका सरदारानें तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेंत टाकलें. तेथून सुटून कालांतरानें ती माहेरीं आली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद यानें अहमदनगरास वेढा घातला, सुरुंगानें तट फोडला, तेव्हां खिंडारापाशीं ती स्वतः उभी राहिली. त्या वेळीं मदतीस निघालेल्या फौजांत विजापूरची फौज होती, आणि विजापूरच्या तख्तावर तिनें सांभाळलेला तो पुतण्या होता. त्या लग्नानें दोन घरें जोडलीं असें म्हणावयाचें तर आम्ही एवढेंच एक उदाहरण दाखवूं.

१६०० सालीं माहेरच्याच लोकांनीं, ती किल्ला मोगलांच्या हवालीं करणार या संशयावरून, तिला ठार मारलें. सोलापूरसाठीं मलिक अंबराच्या काळींही पुन्हां लढाई झाली.