पाचटाखालची जमीन

1991 च्या फेब्रुवारीत मी रजेवर आलो होतो. ऊस नुकताच तुटून गेला होता आणि शेतभर पाचट पसरलं होतं. माझा सात वर्षांचा पोरगा बांध सोडून त्या पाचटातनं उड्या मारत माझ्याकडं आला, आणि मी त्याच्या कानशिलात दिली. इतक्या जोरात, की तो खालीच बसला. बांधावर वडील आणि चुलते उभे होते. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. हात उचलला ही चूक होती, हे मला त्याच रात्री कळलं. पण त्यानंतर 28 वर्षं गप्प राहिलो, ती चूक त्याहून मोठी.

मी शिरोळ तालुक्यातला. आमच्या भागाला फौज नवीन नाही. टाकळी तर ‘सैनिक टाकळी’ म्हणूनच ओळखली जाते. 1979 साली मी बेळगावच्या मराठा सेंटरवर भरती झालो. 29 जुलै 1987 ला श्रीलंकेशी करार झाला, शांतिसेना तिकडं गेली आणि ऑक्टोबरात एलटीटीईशी लढाई पेटली. मी पुढच्या वर्षी तिथं पोचलो. रस्त्यात, पायवाटेवर, कुठंही सुरुंग पुरलेले असायचे, वर पालापाचोळा. गस्तीला निघालं की पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवायचं, हा नियम. एका सकाळी माझ्या पुढच्या जोडीदारानं ताडाच्या वाळक्या झावळीवर पाय दिला. मी सात-आठ पावलं मागं होतो. बाकीचं लिहिता येत नाही.

मार्च 1990 मध्ये शेवटच्या तुकड्या परतल्या. आपले अकराशेहून अधिक जवान त्या लढाईत गेले. गावात 1971 ची लढाई पोरासोरांनाही ठाऊक. ही कुठली, कशासाठी, असं कोणी विचारलं की मला धड सांगता यायचं नाही. मग मी सांगायचंच सोडलं. घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प आहे, अशी मनाची समजूत घातली.

2001 ला नायक म्हणून पेन्शनवर आलो आणि घराची बराक केली. पहाटे पाचला सगळ्यांनी उठायचं, ताटात काही टाकायचं नाही, उलट बोलायचं नाही. संध्याकाळी कँटीनची रम. झोपेतनं ओरडत उठायचो. ‘बाबांना हलवून उठवू नका, दारातनं हाक मारा,’ असं बायकोनं पोरांना मी रजेवर यायचो तेव्हाच शिकवून ठेवलं होतं. ती हे सगळं कसं निभावते, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. पोरगा मोठा झाला, कागलच्या एमआयडीसीत नोकरीला लागला. घरात सगळं करायचा, पण माझ्याबरोबर शेतात यायचा नाही. त्याला शेतीची आवड नाही, असं मी लोकांना सांगायचो.

2019 च्या फेब्रुवारीत दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक खुलं झालं. त्याच वर्षी दिवाळीनंतर पोरानंच तिकिटं काढली. तिथल्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर मला जोडीदाराचं नाव सापडलं. अक्षरांवरनं बोट फिरवत मी बराच वेळ उभा होतो. पोरगा मागं थांबला होता. त्यानं काही विचारलं नाही.

परतीच्या गाडीत रात्री, डब्यातले दिवे बंद झाल्यावर, मी त्याला सगळं सांगितलं. ताडाची झावळी, आणि मग आपलं पाचट. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “मला वाटायचं, मी खोडव्याचे फुटवे तुडवले म्हणून मारलंत.”

बापाला आपल्यापेक्षा ऊस जास्त, असं धरून माझा पोरगा वाढला. एका वाक्यानं ते पुसता आलं असतं. ते वाक्य मी 28 वर्षं दाबून ठेवलं.

घरी आल्यावर बायकोला सांगायला बसलो. ती तांदूळ निवडत होती. मी जोडीदाराचं नाव घेतलं तसा तिचा हात सुपातच थांबला. म्हणाली, “हे नाव तुम्ही झोपेत घेता. कोण, ते विचारायचा धीर झाला नाही.”

आता आमच्याकडं कोणी पोरगं फौजेतनं घरी आलं, की मी त्याच्या घरी जाऊन बसतो. चहा होतो, पाऊसपाणी होतं. निघताना त्याला एवढंच सांगतो, की सगळं नको सांगू, पण आपण कशाला दचकतो तेवढं तरी घरात सांगून ठेव.